हिवाळा, घोडा आणि चार भिंती

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ब्रिटनमधली घड्याळं तासभर मागे घेतली जातात. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी पाचच्या आतच अंधारून येतं, आणि तिथल्या घोडेवाल्यांमध्ये दरवर्षीचा वाद पुन्हा डोकं वर काढतो. घोडा आता रात्री पागेत घ्यायचा की कुरणातच राहू द्यायचा? एका बाजूचे म्हणतात, मुकं जनावर बाहेर गारठत असताना आपण पांघरुणात शिरायचं हे मनाला पटत नाही. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, घोडा हा माळरानावरचा प्राणी. त्याला बारा फूट बाय बारा फुटांच्या खोलीत सोळा-सोळा तास कोंडणं ही माया कसली, ही तर शिक्षा.

वाद मिटत नाही याला तिथली हवाही कारणीभूत आहे. सायबेरियासारखी कोरडी, हाडं गोठवणारी थंडी ब्रिटनमध्ये नसते. पारा बहुतेक वेळ शून्याच्या वरच, चार-सहा अंशांवर रेंगाळतो. पण त्याच्या जोडीला दिवसेंदिवस झिमझिम पाऊस, समुद्रावरून येणारा वारा आणि कुरणाच्या फाटकाशी घोट्याएवढा चिखल. त्यात बरेचसे घोडे शेतकऱ्यांचे नसून नोकरदार माणसांचे असतात, महिन्याच्या भाड्यानं दुसऱ्याच्या पागेत ठेवलेले. मालक कामावर जाण्यापूर्वी येतो आणि कामावरून परतताना येतो. डिसेंबरात दोन्ही वेळा अंधारच. अशा माणसाला घोडा आत, कोरडा, स्वच्छ आणि हाताशी असणं फार सोयीचं. घोड्याची गरज आणि मालकाची सोय या दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. घोटाळा होतो तो दुसरीला पहिलीचं नाव दिल्यानं. म्हणून आधी घोड्याकडे बघू.

थंडी नेमकी कोणाला वाजते?

उष्ण रक्ताच्या प्रत्येक प्राण्याला तापमानाचा एक पट्टा मानवतो. त्या पट्ट्यात असेपर्यंत अंग गरम ठेवण्यासाठी त्याला वेगळी शक्ती खर्चावी लागत नाही. अंगावर कपडा नसेल तर माणसाचा हा पट्टा साधारण २५ ते ३० अंश सेल्सिअसच्या आसपासचा. घोड्याचा ५ ते २५ अंशांचा धरतात. म्हणजे आपण स्वेटर शोधायला लागतो तेव्हा घोडा अगदी मजेत असतो, आणि आपल्याला जी हवा छान वाटते तिच्यात तो घामाघूम व्हायच्या बेतात असतो.

हा खालचा आकडाही पक्का नाही. हळूहळू थंडीला सरावलेल्या, दाट केस आलेल्या आणि पोटभर चारा मिळणाऱ्या घोड्यांमध्ये तो उणे १५ अंशांपर्यंत खाली जातो, असं कॅनडातल्या अल्बर्टा प्रांतात झालेल्या अभ्यासात १९८५ साली दिसलं. त्या मर्यादेच्या खाली गेल्यावरही घोडा लगेच संकटात येत नाही. एकेक अंश उतरेल तसा त्याला सुमारे दोन ते अडीच टक्के जास्त चारा लागतो, एवढंच.

यामागे तीन गोष्टी आहेत. पहिली, आकार. पाचशे किलोच्या देहात उष्णता तयार करणारं मांस भरपूर आणि ती बाहेर घालवणारी कातडी त्या मानानं कमी. गुडघ्याखालच्या पायात तर हाडं आणि स्नायुबंधच जास्त, मांस जवळजवळ नाहीच. त्यामुळे बर्फात तासन्‌तास उभं राहूनही पाय निकामी होत नाहीत.

दुसरी गोष्ट म्हणजे केस. घोड्याला हिवाळी केस येतात ते थंडी पडली म्हणून नव्हे, तर दिवस लहान होऊ लागले म्हणून. डोळ्यांवर पडणाऱ्या उजेडाचे तास कमी झाले की शरीरातल्या संप्रेरकांचा तोल बदलतो आणि थंडी पडण्याच्या कितीतरी आधी, उन्हाळ्याच्या शेवटालाच, नवे केस फुटायला लागतात. डिसेंबरच्या अखेरीला दिवस पुन्हा वाढू लागला की शरीर ते गाळण्याच्या तयारीला लागतं. हे कळल्यामुळेच स्पर्धेच्या घोड्यांचे केस तोकडे राहावेत म्हणून काही पागांमध्ये रात्री उशिरापर्यंत दिवे लावून ठेवतात. थंडी वाढली की हे केस मुळाशी ताठ होतात आणि त्यांच्या मध्ये हवेचा थर अडकतो. बर्फ पडत असताना घोड्याच्या पाठीवर तो न वितळता तसाच साचलेला दिसतो. पाहणाऱ्याला गलबलून येतं, पण अंगातली ऊब बाहेर झिरपत नाही याचीच ती खूण असते.

नैऋत्य इंग्लंडमधल्या एक्समूरच्या उघड्या टेकड्यांवर राहणारी तट्टं जवळून पाहिली तर हे सगळं एकाच अंगावर सापडतं. आत लोकरीसारखा मऊ थर, त्यावर लांब, तेलकट केसांचा दुसरा थर. पाऊस वरच्या वर ओघळून जातो. डोळ्यांभोवती मांसल, फुगीर कडा, म्हणजे पाणी बाजूनं वळतं. शेपटीच्या मुळाशी आखूड केसांचा पंखा, जो पावसा-बर्फाचं पाणी मांड्यांच्या आत उतरू न देता मागच्या मागे टाकतो. ही तट्टं सगळा हिवाळा डोंगरावरच काढतात.

तिसरी गोष्ट पोटात आहे. घोड्याच्या आतड्याच्या मागच्या भागात, म्हणजे अंधांत्रात आणि मोठ्या आतड्यात, अब्जावधी सूक्ष्मजीव गवताचा चोथा आंबवत असतात आणि त्या आंबण्यातून उष्णता निघते. घोडा ही गवतावर चालणारी भट्टी पोटात घेऊनच हिंडत असतो. म्हणून कडाक्याच्या रात्री त्याला जास्तीचं गवत हवं. कुठल्याही देशातल्या जुन्या मोतद्दाराचा हात अशा वेळी चंदीच्या पिशवीकडे जातो. पण ओट किंवा हरभऱ्याच्या दाण्यातून मिळणारी ताकद लवकर येते आणि लवकर संपते. रात्रभर ऊब देतं ते गवतच. पाचशे किलोचा घोडा दिवसाला साधारण दहा किलो सुकं गवत खातो. थंडीत त्यात दोन-तीन किलोंची भर घालणं हे जाड झुलीपेक्षा जास्त कामाचं.

खरा शत्रू: ओलं अंग आणि वारा

मग बाहेरच्या घोड्याला काहीच होत नाही का? होतं, पण नुसत्या थंडीनं फारसं नाही. केसांमध्ये अडकलेली हवा हेच त्याचं पांघरूण असतं. पाऊस मुरून केस अंगाला चिकटले की ती हवा निघून जाते. वारा सुटला की उरलीसुरली ऊब घेऊन जातो. कोरड्या, निवांत हवेत उणे दहा अंशांना आरामात उभा राहणारा घोडा पाच अंशांच्या वादळी पावसात थडथडू लागतो.

यावर घोड्यांचं स्वतःचं मत काय, हे विचारण्याची युक्ती नॉर्वेतल्या संशोधकांनी काढली. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगात २३ घोडे होते. प्रत्येकाला तीन पांढऱ्या फळ्या ओळखायला शिकवल्या: एकीवर आडवी काळी पट्टी, एकीवर उभी, आणि तिसरी कोरी. एका फळीला नाक लावलं की अंगावर झूल चढणार, दुसरीला लावलं की उतरणार आणि कोरीला लावलं की आहे तसंच राहणार. रोज थोडा वेळ, खाऊचं आमिष दाखवून ही शिकवणी चालली आणि दोन आठवड्यांत सगळे घोडे तयार झाले. मग वेगवेगळ्या हवेत त्यांना विचारलं. उबदार, उन्हाच्या दिवशी घोड्यांनी झूल नको म्हणून सांगितलं. ओल्या, गार वाऱ्याच्या दिवशी बहुतेकांनी ती मागून घेतली. आपलं म्हणणं ऐकलं जातंय हे लक्षात आल्यावर काही घोडे शिकवणारी माणसं दिसताच खिंकाळत त्यांच्याकडे धाव घेऊ लागले.

या प्रयोगातून दोन्ही पक्षांनी धडा घ्यावा असं आहे. घोड्याला गारव्याची जाणीवच नसते, हे खरं नाही. आणि पारा उतरला की झूल चढवलीच पाहिजे, हेही खरं नाही. शिवाय हलकी झूल केस दाबून टाकते, म्हणजे त्यांच्यातला हवेचा थर घालवते आणि बदल्यात पुरेशी ऊब देत नाही. अशा झुलीपेक्षा उघडं अंग बरं. जाड झूल सगळा हिवाळा ठेवली तर दुसरीच अडचण उभी राहते. निसर्गात घोडा उन्हाळ्यात चरबी साठवतो, हिवाळ्यात ती थोडी झडते आणि वसंतातलं कोवळं गवत ती पुन्हा भरून काढतं. झुलीखाली पोसलेला घोडा वसंतात आधीच गलेलठ्ठ असतो. त्यावर कोवळ्या गवताची साखर पडली की खुराच्या आतला थर सुजतो आणि घोडा पाऊल टाकेनासा होतो. ब्रिटनमध्ये लठ्ठपणा हा आज घोड्यांच्या मोठ्या दुखण्यांपैकी एक आहे. थंडीनं खंगलेल्या घोड्यापेक्षा मायेनं फुगवलेला घोडा तिथल्या पशुवैद्यांना जास्त वेळा भेटतो.

मग पागा कशासाठी?

पागा आली ती घोड्याच्या थंडीसाठी नाही, माणसाच्या कामासाठी. घोडा हाताशी हवा, खोगीर चढवायला कोरडा हवा, चोरीपासून आणि शत्रूपासून सुरक्षित हवा. इंग्लंडात घोड्यावरून होणाऱ्या शिकारीचा हंगाम ऐन हिवाळ्यातला असे. दाट केसांचा घोडा मैलोन्‌मैल दौडला की घामानं निथळतो आणि ते केस तासन्‌तास वाळत नाहीत. ओल्या अंगानं तो गारठतो. म्हणून केस कातरायचे. कातरले की नैसर्गिक पांघरूण गेलं, म्हणून झूल घालायची. झूल घातलेल्या घोड्याला तेव्हा पावसात ठेवता येत नसे, म्हणून तो आत घ्यायचा. म्हणजे कामासाठी एक गोष्ट काढून घेतली आणि तिची भरपाई करता करता पागा उभी राहिली.

ही भरपाई करायला माणूस विसरला तर काय होतं, ते पहिल्या महायुद्धात फ्रान्समध्ये दिसलं. ब्रिटिश फौजेचे लाखो घोडे आणि खेचरं तिथे उघड्यावर, दोरखंडाला ओळीनं बांधलेली असत. पूना हॉर्स आणि डेक्कन हॉर्स ही दख्खनची नावं लावणारी रिसाल्याची पथकंही त्या आघाडीवर होती आणि १९१८च्या सुरुवातीला पॅलेस्टाइनकडे जाईपर्यंत त्यांनी तिथले हिवाळे काढले. गर्दीत बांधलेल्या जनावरांमध्ये खरूज झपाट्यानं पसरते आणि केस काढल्याशिवाय तेव्हा तिचा बंदोबस्त होत नसे, म्हणून घोडे सरसकट कातरले गेले. १९१६-१७चा हिवाळा नेमका कडक निघाला आणि एप्रिलमध्ये आरासची लढाई सुरू झाली तेव्हाही बर्फ पडत होता. अंगावर केस नाहीत, डोक्यावर छप्पर नाही, चाऱ्याची टंचाई आणि गुडघाभर चिखलातून ओढायच्या तोफा. अशक्त झालेली जनावरं मोठ्या संख्येनं दगावली आणि नंतर कातरण्याचे नियम बदलावे लागले. तोच घोडा, तेवढीच थंडी. पण अंगावरचे केस आणि पोटातलं गवत काढून घेतल्यावर तो तिच्यापुढे टिकला नाही.

चार भिंतींची किंमत

पागेत वारा नाही, पाऊस नाही, गादीसारखा पेंढा आहे. घोड्याला पायांवर उभ्या उभ्या डुलकी घेता येते, पण गाढ झोपेसाठी त्याला रोज थोडा वेळ तरी आडवं व्हावंच लागतं आणि चिखलात तो बसत नाही. कोरडी जागा ही पागेची मोठी देणगी आहे. मात्र तिची किंमत घोडा चार ठिकाणी मोजतो.

पहिलं, हवा. विश्रांतीत असलेला घोडा मिनिटाला साठ-सत्तर लिटर हवा आत घेतो. सुक्या गवतात बुरशीचे सूक्ष्म कण असतात, पेंढ्यात धूळ असते, आणि मुतानं भिजलेल्या पेंढ्यातून अमोनिया वर येत राहतो. थंडी वाढली म्हणून मालक खिडकी लावतो, दाराचं वरचं फळकूटही ओढून घेतो. आतली ऊब दोन-चार अंशांनीच वाढते, पण कोंडलेली हवा घोड्याच्या छातीत जाते. जुनाट खोकला, धाप, नाकातून शेंबूड असा जो विकार आज घोड्यांचा दमा म्हणून ओळखला जातो, त्यातले बरेचसे रोगी या धुळीचे बळी असतात आणि त्यांच्यावरचा पहिला उपाय औषधाचा नसून मोकळ्या हवेत नेण्याचा असतो. त्यात भर म्हणजे उंच टांगलेली गवताची जाळी. चरताना घोड्याची मान खाली असते, त्यामुळे श्वासनलिकेतला चिकटा आपोआप नाकाकडे उतरतो. मान सतत वर ठेवून खायला लावलं की तो आतच साचतो.

दुसरं, पोट. मोकळा घोडा दिवसातले पंधरा-सोळा तास चरतो. त्याचं जठर शरीराच्या मानानं लहान आणि त्यात आम्ल चोवीस तास पाझरतं, पोटात काही असो वा नसो. त्या आम्लाला मारते ती लाळ, आणि घोड्याची लाळ सुटते फक्त चावताना. संध्याकाळी सहाला टाकलेलं गवत नऊला संपलं आणि पुढचं सकाळी सातला मिळालं, तर मधले दहा तास नुसतं आम्ल. पागेतल्या घोड्यांना जठरात व्रण होतात ते यामुळे.

तिसरं, हालचाल. घोडा का अडला, पान का सडलं, भाकरी का करपली, या आपल्याकडच्या कोड्याचं उत्तर इथे शब्दशः लागू पडतं: फिरवलं नाही म्हणून. कुरणात घोडा एकेक पाऊल टाकत दिवसभर चालत असतो आणि त्या चालण्यानं आतडंही हलतं राहतं. इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅम विद्यापीठाच्या संशोधकांनी अल्ट्रासाउंडनं पाहिलं तेव्हा कुरणातल्या घोड्यांपेक्षा पागेतल्या घोड्यांच्या मोठ्या आतड्याची हालचाल मंद आढळली. त्यात ओल्या गवताऐवजी सुकं गवत आलं. हिरव्या गवतात बहुतांश पाणीच असतं. ते बंद झालं की तेवढं पाणी वेगळं प्यावं लागतं आणि बर्फगार पाणी घोडा पोटभर पीत नाही. चारा आतड्यात घट्ट बसतो आणि पोटशूळ उठतो. म्हणून घोडा कुरणातून आत घ्यायचा असेल तर तो एका रात्रीत नव्हे, आठ-पंधरा दिवसांत हळूहळू घ्यावा.

चौथं, सोबत. घोडा कळपातला प्राणी. शेजारी दुसरा घोडा नसेल तर तो निर्धास्त झोपतही नाही. एकट्या कोंडलेल्या घोड्याला काही खोडी लागतात: दारात उभं राहून एका पायावरून दुसऱ्यावर तासन्‌तास झुलत राहणं, खोलीत गोल गोल फिरणं, गव्हाणीची कड दातांत धरून हवा ओढणं. पूर्वी समजूत होती की या खोडी घोडे एकमेकांचं बघून उचलतात, म्हणून असा घोडा अजून एकटा, कोपऱ्यात ठेवत. त्यानं दुखणं वाढे. झुलणाऱ्या घोड्याच्या खोलीत आरसा लावला तरी त्याचं झुलणं कमी होतं, हे ब्रिटनमध्येच प्रयोगांत दिसलं आहे. रानात राहणाऱ्या घोड्यांमध्ये या खोडी आढळत नाहीत.

कुरणही फुकट मिळत नाही

आता दुसऱ्या पक्षाचा हिशोब. घोडा बाहेर सोडला म्हणजे जबाबदारी संपली, असं समजणारे त्याला आतल्यापेक्षा वाईट अवस्थेत ठेवतात.

ब्रिटनमध्ये मातीचं तापमान पाच-सहा अंशांच्या खाली गेलं की गवत वाढायचं थांबतं. डिसेंबर ते मार्च कुरण हिरवं दिसलं तरी त्यात पोटाला आधार नसतो. सुकं गवत रोज नेऊन टाकावंच लागतं. ते टाकताना जितके घोडे त्याहून एक ढीग जास्त टाकायचा, कारण कळपात दांडगट असतात आणि ते दुबळ्याला खाऊ देत नाहीत. पाण्याच्या हौदावर सकाळी बर्फाची पापडी धरते. ती रोज फोडावी लागते. अमेरिकेतल्या पेन्सिल्वेनिया विद्यापीठात १९९४ साली असं दिसलं की थंडीच्या दिवसांत गोठायला आलेल्या पाण्याऐवजी कोमट पाणी दिलं तर तट्टं सुमारे चाळीस टक्के जास्त पितात.

चिखलाचं दुखणं वेगळंच. फाटक, हौद आणि चाऱ्याची जागा इथे घोडे घोळका करून उभे राहतात आणि तिथली जमीन टापांखाली लोण्यासारखी होते. सतत ओल्या राहिलेल्या कातडीला बारीक चिरा पडतात, त्यातून जिवाणू शिरतात आणि खुराच्या वर खपल्या धरतात. खूर मऊ पडतात, नाल चिखलात निघून राहतात आणि नालबंदाची वाट बघत घोडा लंगडत बसतो.

गवतातही धोके आहेत. रात्री कडक दहिवर पडलं आणि सकाळी लख्ख ऊन आलं की गवत उन्हात साखर तयार करतं, पण थंडीमुळे वाढ बंद असल्यानं ती खर्च करत नाही. असं साखरेनं भरलेलं गवत खुराच्या सुजेकडे कल असलेल्या तट्टाला बाधतं. ते दिसायला मात्र निष्पाप, चार काड्यांचं असतं. कुरणाच्या कडेला सिकॅमोरची झाडं असतील तर शरदात त्यांच्या पंखवाल्या बिया वाऱ्यानं आत येतात. त्यांतल्या हायपोग्लायसिन या विषानं स्नायू झिजतात आणि घोडा एक-दोन दिवसांत जाऊ शकतो. शरदात होणाऱ्या या मृत्यूंमागचं कारण शास्त्रज्ञांना उमगलं ते २०१३-१४मध्ये.

आणि सगळ्यात फसवे असतात ते दाट केसच. लांबून गुबगुबीत दिसणाऱ्या घोड्याच्या फासळ्या केसांखाली वर आलेल्या असू शकतात. म्हणून हिवाळ्यात घोडा डोळ्यांनी नव्हे, हातानं तपासायचा: आठवड्यातून एकदा तरी बोटं केसांत खुपसून फासळी, पाठीचा कणा आणि पुठ्ठा चाचपायचा.

थंडीच्या देशांत उघड्यावर जगणाऱ्या घोड्यांचे दाखले वादात नेहमी दिले जातात. सायबेरियातल्या याकूत घोड्यांना उणे पन्नास अंशांतही छप्पर लागत नाही. आइसलँडमध्ये कळप सगळा हिवाळा बाहेर असतात. हे खरंच आहे, पण अर्धंच. २०१९च्या डिसेंबरात उत्तर आइसलँडवर ओल्या बर्फाचं वादळ आलं तेव्हा शंभराच्या आसपास घोडे मेले. मंगोलियात बर्फाचा थर गोठून गवतावर झाकण बसलं की त्या संकटाला झुद म्हणतात. २००९-१०च्या झुदमध्ये घोडे, मेंढ्या, गुरं मिळून ऐंशी लाखांहून अधिक जनावरं गेली. दोन्हीकडे घात झाला तो वाऱ्यापासून आडोसा नव्हता किंवा चारा पोटात जात नव्हता म्हणून. काटक जातीला या दोन गोष्टींतून सूट मिळालेली नाही.

आत कोण, बाहेर कोण

एवढं समजल्यावर वादातला बराचसा गुंता सुटतो. म्हातारा घोडा, ज्याचे दात झिजले आहेत, त्याला गवत नीट चावता येत नाही. पोटातून ऊब मिळत नाही, म्हणून त्याला रात्री आसरा हवा. आजारी, हाडकलेला, केस कातरलेला, नुकतंच जन्मलेलं शिंगरू, उबदार प्रदेशातून गेल्या दोन-तीन आठवड्यांत आणलेला घोडा, हे सगळे आत. धडधाकट, केस राखलेला, पोटभर गवत मिळणारा आणि वाऱ्याला पाठ करून उभं राहायला तीन भिंतींचा का होईना आडोसा असलेला घोडा बाहेर. बाकीच्यांसाठी मधला मार्ग आहेच: दिवसा बाहेर, रात्री आत. ब्रिटनमध्ये सर्वाधिक चालतो तो हाच.

काही देशांनी हा निर्णय मालकाच्या मर्जीवर सोडलेला नाही. स्वित्झर्लंडमध्ये घोड्याला दुसरा घोडा दिसेल, ऐकू येईल आणि त्याचा वास येईल अशी व्यवस्था कायद्यानं बंधनकारक आहे. त्याला दावणीला बांधून ठेवण्याच्या जागा बंद झाल्या आहेत. स्वीडनमध्ये घोड्याला रोज मोकळं फिरू दिलंच पाहिजे आणि हिवाळ्यात बाहेर राहणाऱ्याला आडोसाही दिला पाहिजे. ब्रिटनचा २००६चा प्राणी कल्याण कायदा तासांचा हिशोब सांगत नाही, पण त्याखालच्या आचारसंहितेत एका घोड्यामागे साधारण अर्धा ते एक हेक्टर, म्हणजे सव्वा ते अडीच एकर कुरण धरलं आहे. शहराजवळच्या पागांना एवढी जमीन परवडत नाही आणि तिथेच घोडे आत जातात. मग खडी किंवा वाळू टाकून निचरा केलेलं आवार करायचं, त्यात चार-पाच घोडे एकत्र सोडायचे, चाऱ्याचे ढीग लांब लांब ठेवून त्यांना चालायला लावायचं. हिरवळ नसली तरी हवा, चाल आणि सोबत तीनही मिळतात.

महाराष्ट्रात हा प्रश्न वेगळ्या ऋतूत येतो. मार्गशीर्षात दत्तजयंतीला तापीकाठी सारंगखेड्याची यात्रा भरते, तेव्हा रात्री माणसं शेकोटीला बसलेली असतात आणि घोडे उघड्यावर बांधलेले असतात. आठ-दहा अंशांच्या कोरड्या थंडीचं घोड्याला काही वाटत नाही. आपल्याकडचा घोड्याचा खरा कठीण काळ म्हणजे पावसाळा, ब्रिटिश हिवाळ्यासारखाच ओला आणि चिखलाचा. शिवाजी महाराजांनी चिपळूणच्या छावणीतल्या अंमलदारांना लिहिलेलं पत्र प्रसिद्ध आहे ते रयतेला काडीचाही त्रास देऊ नका या आशयाच्या ताकिदीमुळे. पण त्यातला मोठा भाग पावसाळ्यात आत घेतलेल्या घोड्यांबद्दल आहे. दाणा-वैरण आत्ताच बेहिशेबी उधळली तर ऐन पावसात काही मिळणार नाही, घोडे उपाशी मरतील आणि ते तुम्हीच मारल्यासारखं होईल. कोणी गवताजवळ चूल पेटवेल, कोणी चिलीम ओढेल, रात्री दिवा तसाच राहिला तर उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि एका ठिणगीनं सगळी पागा जाईल. कोंडलेल्या जनावराचा जीव पूर्णपणे माणसाच्या हिशोबावर असतो, हे त्या पत्राइतक्या रोखठोकपणे फार थोड्यांनी सांगितलं असेल. जगभरच्या पागांना आजही सुक्या गवताच्या आगीचीच धास्ती असते.

ब्रिटनमधल्या वादाचा निकालही याच हिशोबात आहे. मोकळा घोडा हवा, चारा, चाल आणि सोबत स्वतः मिळवतो. त्याला आत घेतलं की यांतली प्रत्येक गोष्ट मालकाला रोज हातानं पुरवावी लागते: लीद आणि ओला पेंढा काढणं, खिडकी उघडी ठेवणं, रात्रभर पुरेल एवढं गवत, रोज फिरवणं, शेजारी दुसरा घोडा. बाहेर ठेवलं की आडोसा, निचरा, पाणी आणि हातानं केलेली तपासणी ही कामं येतात. ज्याला पहिली यादी जमते त्यानं खुशाल आत घ्यावा, दुसरी जमते त्यानं बाहेर ठेवावा. घोडा दोन्हीकडे सुखी राहील. दोन्ही याद्या ज्याला जड वाटतात, त्यानं झुलीची जाडी किती असावी यावर वाद घालण्यापेक्षा घोडा न पाळणं बरं.